कॅपच्या ऑप्शन फॉर्मआधी पुण्यातली कॉलेजं दोन दिवसांत कशी पाहाल

इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, ऑप्शन फॉर्म (कॉलेज आणि ब्रँचचा पसंतीक्रम) भरायला जेमतेम तीनेक दिवस मिळतात. कॉलेजं बघायला त्या तीन दिवसांत बाहेर पडायचं नाही. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की निघायचं, कारण आपला क्रमांक साधारण कळलेला असतो आणि फॉर्म अजून उघडलेला नसतो. तोवर बहुतेक ठिकाणी वरच्या वर्षांचे वर्ग सुरू झालेले असतात, म्हणजे बोलायला विद्यार्थी भेटतात. रविवार टाळाच. शनिवारी जाणार असाल तर ऑफिस उघडं आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा.

पहिली गाळणी घरी बसून करायची. मागच्या वर्षीच्या सगळ्या फेऱ्यांचे कट-ऑफ काढा आणि फक्त आपल्याला लागू असलेला रकाना पाहा. लातूर-नांदेडच्या विद्यार्थ्याला पुण्यातल्या खासगी कॉलेजात ‘अदर दॅन होम युनिव्हर्सिटी’चा, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाच्या भागातून येणाऱ्यांचा, कट-ऑफ लागतो. बरेच पालक शेजारचा ‘होम युनिव्हर्सिटी’चा आकडा वाचतात आणि सगळं नियोजन तिथेच चुकतं. आपल्या पर्सेंटाइलच्या अर्धा वर आणि दीड खाली एवढ्या पट्ट्यातली कॉलेजं ठेवा. त्यातली पाच, फार तर सहा प्रत्यक्ष पाहायची. दिवसाला तीनच्या वर गेलात की सगळ्या इमारती डोक्यात एकमेकींत मिसळतात.

गट दिशेप्रमाणे पाडा. धनकवडीचं पीआयसीटी आणि बिबवेवाडीचं व्हीआयटी एका सकाळी होतात, दोन्ही दक्षिणेला आहेत. मुलीसाठी पाहत असाल तर दुपारी कर्वेनगरचं कमिन्स. हे शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे, त्यामुळे पावसाळ्यात मधल्या प्रवासाला तासभर धरा. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजीनगरचं सीओईपी आणि मग आकुर्डी-निगडीकडची कॉलेजं. शिवाजीनगरहून लोणावळा लोकलने आकुर्डीला उतरता येतं, पण दुपारी लोकल विरळ असतात. तेव्हा मेट्रोने पीसीएमसी स्टेशनपर्यंत जाऊन पुढे बस किंवा रिक्षा धरा. स्वारगेट ते पीसीएमसी ही एकच मार्गिका आहे, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. म्हणून मुक्काम या मार्गिकेच्या जवळ घ्या.

कॉलेजात साडेदहाला पोचा. ऑफिस दहाला उघडलं तरी माणसं जागेवर येईपर्यंत थोडा वेळ जातो, आणि दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी असते. गेटवर ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते, तेव्हा विद्यार्थी आणि पालक दोघांचंही आधार कार्ड जवळ हवं. एका कॉलेजला दीड तास पुरतो: अर्धा तास ऑफिस, अर्धा तास विभाग, अर्धा तास हॉस्टेल-मेस.

फी, नॅक या दर्जा तपासणाऱ्या संस्थेने दिलेली श्रेणी, जागांची संख्या हे सगळं वेबसाइटवर मिळतं. ते विचारण्यात प्रवासाचा वेळ घालवू नका. एवढं मात्र घरीच तपासा, की एनबीए मानांकन ब्रँचला मिळतं, नॅक संपूर्ण संस्थेला. ‘आमचं कॉलेज एनबीए आहे’ असं कुणी सांगितलं तर आपल्या ब्रँचला आहे का, हे बघा.

प्रत्यक्ष पाहायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे लॅब. चांगल्या संस्थांसाठी एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेने, 2024-25 पासून जागांवरची कमाल मर्यादा काढली, आणि कॉम्प्युटरच्या तुकड्या बऱ्याच ठिकाणी वाढल्या. खोल्या आणि शिक्षक त्या प्रमाणात वाढले का, हे माहितीपुस्तक सांगत नाही. म्हणून विभागात जाऊन नोटीस बोर्डवरचं वेळापत्रक वाचा. किती तुकड्या आहेत, प्रॅक्टिकलची बॅच किती जणांची, एका लॅबमध्ये दिवसाला किती बॅचेस बसवल्या आहेत, किती तासांपुढे शिक्षकाच्या नावाची जागा कोरी आहे, सगळं त्या एका कागदावर दिसतं. परवानगी घेऊन फोटो काढा. माहिती द्यायला आलेली व्यक्ती आधी एसी सेमिनार हॉल दाखवते. तो नम्रपणे पुरे करून फर्स्ट इयरचे वर्ग दाखवायला सांगा.

प्लेसमेंटबद्दल सर्वाधिक पॅकेज विचारून काही हाती लागत नाही. तीन आकडे मागा, तेही आपल्या ब्रँचचे: नोंदणी किती जणांनी केली, नोकरी किती जणांना लागली आणि मधला पगार (मीडियन, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) किती. सरासरी नको, दोन-चार मोठ्या पॅकेजेसनी ती फुगते.

कँटीनमध्ये सेकंड इयरच्या मुलांशी पाच मिनिटं बोला. हा भाग विद्यार्थ्यानेच करावा, पालकांनी थोडं लांब थांबावं. समोर काका-काकू असले की मुलं मोकळं बोलत नाहीत. हॉस्टेलबाबत फर्स्ट इयरसाठी जागा किती आणि त्या कशावर देतात, एवढं विचारा. प्रवेश मिळाला म्हणजे हॉस्टेल मिळालं असं होत नाही. जागा नसेल तर जवळच्या पीजीचं भाडं आणि डिपॉझिट त्याच फेरीत विचारून घ्या. वार्षिक खर्चात हीच रक्कम धरायची राहून जाते.

बाहेर पडलात की पुढची रिक्षा पकडण्याआधी त्या कॉलेजबद्दल चार ओळी लिहा, फॉर्ममधला क्रम लावताना त्याच कामी येतात. यंदाचा नियम माहितीपत्रकात वाचून घ्या, पण 2025 च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होत होता. दुसऱ्या फेरीत पहिले तीन, तिसऱ्यात पहिले सहा. म्हणजे वरच्या सहा नावांचा क्रम फार जपून लावावा लागतो. दुसऱ्या दिवशी तीननंतरची वेळ यासाठीच मोकळी ठेवा. ज्या दोन कॉलेजांत मन अडकलंय, त्यातल्या एकात पुन्हा जा, या वेळी पाच वाजता, वर्ग सुटताना.