गुंतवणुकीचं उत्पन्न मोजताना : भागायचं कशाने?

पगार थांबायची वेळ जवळ येत होती, म्हणून गुंतवणुकीतून वर्षाला नक्की किती टक्के हातात पडतं, ते एकदा बसून काढायचं ठरवलं. सूत्र शाळेतलंच: वर्षाचं उत्पन्न भागिले गुंतवणुकीची किंमत, गुणिले शंभर. अंश पासबुकातून निघाला. घोडं अडलं ते छेदापाशी.

एक शेअर २०० ला घेतलेला, आज भाव ५००, वर्षाचा लाभांश १०. खरेदीच्या भावाने भागलं तर ५ टक्के, आजच्या भावाने २ टक्के. पहिला आकडा बघून बरं वाटतं, पण तो झाला इतिहास. आज विकले तर हातात ५०० येतील आणि ते दुसरीकडे लावता येतील. मग निर्णयासाठी छेदात ५००च हवेत. कंपनीने मध्येच एकदा दिलेला खास लाभांश मी अंशातून वगळला, कारण तो दरवर्षी मिळणारा नव्हे. आणि लाभांशाचा दर एकाएकी फुगलेला दिसला की आधी भाव बघायचा. तोच शेअर २५० वर आपटला, तर लाभांश एका पैशाने न वाढता दर ४ टक्के दिसतो!

खरा वेळ खाल्ला तो रोख्याने, म्हणजे बॉन्डने. दर्शनी किंमत १०००, व्याज ८ टक्के, म्हणजे वर्षाला ८०. बाजारात भाव ११००, मुदत संपायला तीन वर्षं. ८० भागिले ११०० म्हणजे ७.२७ टक्के. ऐकायला छान, पण आज ११०० मोजणाऱ्याला मुदतीअखेर १०००च मिळणार, वरचे १०० गेले. ती घट धरून मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा काढावा लागतो. एक्सेलमध्ये ‘रेट’ फंक्शनला तीन वर्षं, ८०, उणे ११०० आणि १००० दिले. उत्तर आलं सुमारे ४.४ टक्के. ७.२७ कुठे आणि ४.४ कुठे!

भाड्याने दिलेल्या घराचं गणित त्यामानाने सोपं, फक्त कंटाळवाणं. आजच्या किमतीवर ढोबळ भाडं ४ टक्के भरत होतं. त्यातून कर, विमा, दुरुस्ती आणि भाडेकरू बदलताना घर रिकामं राहिलं ते महिने वजा केल्यावर ३ टक्केही उरेनात. एजंट सांगतात तो आकडा बहुतेकदा वजाबाकीच्या आधीचा असतो.

किमतीतली वाढ मात्र या हिशोबात मिसळली नाही, वेगळा रकाना केला. विकल्याशिवाय ती हातात येत नाही आणि घरखर्च काही कागदावरच्या नफ्यातून चालत नाही.

एवढं करूनही २ टक्क्यांवाला शेअर मी विकला नाही. रोख्याचं व्याज शेवटपर्यंत ८०च राहणार. या कंपनीचा लाभांश गेली काही वर्षं थोडाथोडा वाढतोय. पुढेही वाढेल याची हमी नाही, म्हणून दरवर्षी ताळेबंद आला की त्या ओळीतला अंश आणि छेद दोन्ही नव्याने भरतो.