गच्चीवरचा बाक आणि शेजारी मोगरा

आम्ही झाडांसाठी पत्र्याच्या पेट्या आणि बाक बनवतो. आमच्या पुण्यातल्या नऱ्ह्याच्या वर्कशॉपमध्ये लोक बहुतेक वेळा मोबाइलमध्ये एखादा फोटो घेऊनच येतात. गच्ची, मोठाल्या पेट्यांमधली झाडं आणि पेट्यांना जोडूनच बसायला बाक. फोटो बघून झाला की मी आधी विचारते, खाली भिंती आणि बीम कुठून गेलेत?

सगळं अडतं ते मातीच्या वजनावर. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल पेटी लाल मातीने भरा. पाऊस मुरला की तिचं वजन साडेसहाशे किलोच्या पुढे जातं, आणि एवढा भार एक चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर. घराच्या वापरत्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण दीडशे किलोच भार धरलेला असतो. म्हणून मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके दाणे) आणि कंपोस्टचं मिश्रण भरते. वजन निम्म्यावर येतं. तरीही पेटी बीमवर किंवा खालच्या भिंतीच्या रेषेतच ठेवायची, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने होकार दिल्याशिवाय मी पत्रा कापायला घेत नाही.

सध्या सहकारनगरला एका बंगल्याचं काम चालू आहे. घरात आजी आहेत आणि एक धडपड्या नातू. बाक कठड्यालगत हवा होता, तिथून टेकडी दिसते. पण कठडा साडेतीन फुटी आणि बाक दीड फुटी, म्हणजे बाकावर चढलेल्या पोरासमोर उरतो दोन फुटांचा कठडा. इथे मी कुणाचंच ऐकत नाही. बाक आत घेतला, जिन्याच्या खोलीच्या भिंतीला पाठ करून. दोन टोकांना दोन पेट्या, मध्ये सागवानी पट्ट्या, पाणी निथळायला पट्ट्यांमध्ये बोटभर फट.

पेटी सव्वीस इंच उंच, माती मात्र वरच्या दीड फुटातच; खाली खोटा तळ. बाक अठरा इंचांवर असल्यामुळे पेटीची कड आजींच्या हाताखाली बरोबर येते. उठताना तिच्यावरच भार देता येतो. कडेवर सागवानी पट्टी गोल घासून बसवणार, कारण उन्हात पत्र्याला हात लावता येत नाही. त्याच उन्हाने कडेची मुळं भाजतात, म्हणून आतून थर्माकोलचं अस्तर.

आजींना गवती चहा हवाच आहे. त्याच्या पात्यांनी हात कापतो, तेव्हा तो पलीकडच्या कोपऱ्यात. हाताजवळ मोगरा.

पेट्या दोन इंची पायांवर उभ्या राहतील, म्हणजे पाणी उताराने जाईल आणि खाली झाडू फिरेल. स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही, वॉटरप्रूफिंग दुखावतं. जिन्याचं वळण अरुंद आहे, त्यामुळे प्रत्येक पेटीचे दोन भाग करून वर नटबोल्टने जोडू.

रंग तेवढा ठरायचा आहे. घरच्यांना काळा हवाय. मी फिकट मातकट रंगाचा नमुना देऊन आलेय, काळा पत्रा आणखी तापतो.