रानीखेतच, पण कुठली?

उमरेड रोडवरच्या एका शेडची केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. गावरान पिल्लं, महिन्याभराची, आठवड्यापूर्वी आरटूबी (रानीखेत या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची जिवंत लस) टोचलेली आणि आता एकेक करून मान वाकडी, पाय लुळे. मालक म्हणे, "साहेब, रानीखेतची लस टोचली अन् रानीखेतच झाली, असं काहून?" शेजारच्या मावशींच्या अंगणातल्या कोंबड्या तर हिरवी हगवण लागून दोन दिवसांत साफ झाल्या होत्या, त्यामुळे गावात बर्ड फ्लूचीच बोंब. ती तपासणी आधी करून घेतली, निगेटिव्ह आली.

मावशींची मेलेली कोंबडी उघडली तर प्रोव्हेंट्रिक्युलसच्या (ग्रंथींच्या जठराच्या) प्रत्येक ग्रंथीच्या टोकावर रक्ताचा ठिपका, सीकल टॉन्सिल (आतड्याच्या शेवटाकडच्या गाठी) काळे पडलेले, म्हणजे पोटावर जाणारी कडक रानीखेत. पिल्लांचं प्रोव्हेंट्रिक्युलस मात्र स्वच्छ, आतडी स्वच्छ, जे काय होतं ते मेंदूत. म्हणून मी पिल्लांचे मेंदू वेगळे काढून बर्फात ठेवले, आणि पुढे तेच कामी आलं.

लशीचा न् रोगाचा विषाणू एकच, सिरोटाइपही (प्रतिपिंडांना दिसणारा प्रकार) एकच, त्यामुळे रक्तातली प्रतिपिंडं मोजणाऱ्या एचआय टेस्टमध्ये लस कुठली न् रोग कुठला ते कळतच नाही. फरक आहे त्याच्या पृष्ठभागावरच्या एफ प्रथिनात. ते चिरल्याशिवाय विषाणू पेशीत शिरत नाही. लासोटा या सौम्य लशीच्या विषाणूचं एफ चिरणारी एन्झाइम्स श्वासनलिका आणि आतड्यातच असतात, म्हणून पिल्लू चार दिवस शिंकतं आणि विषय संपतो. कडक स्ट्रेनमध्ये (विषाणूच्या उपप्रकारात) चिरायच्या जागी आर्जिनिन-लायसिन या अमिनो आम्लांची रांग असते, ती फ्युरिन नावाचं एन्झाइम चिरतं आणि फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत असतं, मग मेंदू काय न् प्लीहा काय, सगळं मोकळं रान. आरटूबी या दोन्हींच्या मधली, म्हणजे मेसोजेनिक (मध्यम तीव्रतेची). तिच्यातही ती रांग आहेच, म्हणून ती सहा ते आठ आठवड्यांनी, आधी लासोटा किंवा एफ-स्ट्रेनची सौम्य लस दिलेल्या पक्ष्यालाच टोचायची असते. ह्या पिल्लांना आधी काहीच दिलेलं नव्हतं. मालकाला सल्ला औषधाच्या दुकानातून मिळाला, "एकच टोचा, पक्की लस आहे" म्हणे. अशा सल्ल्याचा मला मनस्वी राग येतो, कारण मेलेली पिल्लं दुकानदाराच्या हिशोबात कधीच येत नाहीत.

लॅबचंही सांगतो. फक्त ती चिरायची जागा बघितली तर आरटूबीही 'व्हिर्युलंट' (कडक) निघते, आयसीपीआय (पिल्लांच्या मेंदूत टोचून विषाणूचा कडकपणा मोजायची टेस्ट) केला तरी ०.७ या कडकपणाच्या सीमेच्या वरच. एफ प्रथिनाच्या जीनचा बराच भाग वाचल्याशिवाय (सिक्वेन्स केल्याशिवाय) गावातल्या विषाणूपासून ती वेगळी काढता येत नाही आणि त्या टेस्टचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं, साध्या रिपोर्टवर "रानीखेत पॉझिटिव्ह" लिहून फाइल बंद होते. मी मागे लागून लागून सिक्वेन्स करून घेतला. मावशींच्या कोंबड्यांत बाहेरचा कडक स्ट्रेन, पिल्लांच्या मेंदूत लशीचाच.

आता लस टोचलेल्या पक्ष्यात लशीचा विषाणू सापडणारच, असं एक सहकारी म्हणाले. बाकी अंगात सापडला असता तर मीही गप्प बसलो असतो, पण मेंदूत? माझ्या मते पिल्लं लशीनेच गेली. तरी बाहेरचा विषाणू शेडमध्ये शिरलाच नसेल असं छातीठोक म्हणता येत नाही, कारण शेवटी शेवटी मेलेली पिल्लं मी पोचायच्या आत नाल्यात फेकून झाली होती. उरलेल्या पक्ष्यांत आता एकही मेला तरी फेकू नका, आधी फोन करा, असं मालकाला बजावून ठेवलंय.