खांब उंच, नावं पुसट

गावात हुतात्मा स्मारक बांधायचं ठरलं की पहिली चर्चा उंचीची होते. खांब किती फूट, माथ्यावर मशाल की अशोकचक्र, भोवती साखळी की रेलिंग. नावांची पाटी शेवटच्या आठवड्यात, उरलेल्या पैशांत, स्वयंपाकघराच्या ओट्याचे ग्रॅनाइट कापणाऱ्याकडे जाते. पाचसहा पावसाळ्यांनंतर खांब जागेवर असतो आणि नावं वाचायला बोट फिरवावं लागतं.

आपल्याकडे याच्या बरोबर उलटं घडलेलं आहे. कदंबकाळातले, म्हणजे गोव्यावर कदंब राजांचं राज्य होतं तेव्हाचे, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड) पाहा: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. गोव्यातल्या काही वीरगळांवर तर जहाजांवरची झुंज कोरली आहे, कारण कदंबांचं आरमार होतं. पण बहुतेक वीरगळांवर नाव नाही. दगड टिकला, माणूस विसरला गेला, आणि गावाने त्याला तेल-शेंदूर लावून देव केला. आजच्या स्मारकावर चित्र नसतं, नुसतं नाव असतं. ते गेलं की उरतो तो चौथरा.

पणजीचं आझाद मैदान ही आणखी वेगळी गोष्ट. तिथला घुमटाकार मंडप गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोन्सो द आल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी उभारलेला. त्याचे खांब जुन्या गोव्यातल्या पडीक धर्मवास्तूचे. पुतळा आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे आणि मैदानावर हुतात्मा स्मारक. कुंकळ्ळीच्या 1583 च्या पोर्तुगीजांविरुद्धच्या उठावातल्या गावप्रमुखांना तर स्मारक मिळायला चारशेहून जास्त वर्षं लागली.

मजकूर ठरवताना एक फरक आधी डोक्यात पक्का हवा. 15 ऑगस्ट 1955 ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवी, तेरेखोल अशा ठिकाणी पोर्तुगीज गोळीबारात पडले ते गोवामुक्तीसाठी आलेले निःशस्त्र सत्याग्रही होते. पत्रादेवीला पडलेले कर्नेल सिंग तर थेट पंजाबातून आलेले. डिसेंबर 1961 मध्ये, गोवा मुक्त करणाऱ्या लष्करी कारवाईत, आग्वाद किल्ल्यावर पडलेले मेजर शिवदेव सिंग सिद्धू किंवा अंजदीव बेटावर पडलेले सात नौसैनिक हे कारवाईवर असलेले जवान. दोघांना एकाच मथळ्याखाली सरसकट कोंबू नये. जवानाच्या नावाआधी हुद्दा आणि खाली पलटण किंवा जहाज लागतं; सत्याग्रहीच्या नावाखाली त्याचं गाव, आणि कुठे पडला ते ठिकाण. क्रम मृत्यूच्या तारखेने, एकाच दिवशीचे असतील तर अकारविल्हे. दुसरा कोणताही क्रम लावला की पंचायतीच्या बैठकीत भांडण ठरलेलं.

गोव्यात नावाच्या लेखनाचा घोळ वेगळाच आहे. पोर्तुगीज काळातला जन्मदाखला रोमी लिपीत, तोही त्यांच्या उच्चाराने. ‘श’साठी एक्स, नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई, कामतचं कामोती, प्रभूचं पोरोबो. दाखल्यावरची अक्षरं एकेक करून देवनागरीत उतरवली तर घरच्यांनाही आपला माणूस ओळखू येणार नाही. घरात जे नाव चालतं ते कोरायचं, दाखला फक्त तारखेसाठी वापरायचा. आणि मसुद्यावर घरच्या दोघांची सही घ्यायची. आजोबांच्या नावात चूक निघाली तर दगडाला खोडरबर नसतो.

आता दगड. चिरा, म्हणजे जांभा दगड, भिंतीला उत्तम, अक्षरांना निरुपयोगी. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्यावर सुकून टणक होतो, पण अंगभर भोकं. त्यामुळे चौथरा चिऱ्याचा आणि पाटी काळ्या ग्रॅनाइटची हे ठीक. मात्र पाटी ओट्याच्या 18-20 मिलिमीटरची नको, किमान 40 ची घ्या. 1200 बाय 900 मिलिमीटरची अशी पाटी सव्वाशे किलोच्या आसपास भरते. नुसत्या डिंकासारख्या केमिकलवर ती भिंतीला चिकटवणं म्हणजे ती कधी पडणार एवढंच ठरायचं बाकी ठेवणं. खाली बसायला दगडाचा टेकू, वर-बाजूंना स्टेनलेस स्टीलचे आकडे (हूक), आणि समुद्रकाठच्या गावात ते 316 प्रतीचेच. साधं लोखंड गंजलं की फुगतं. त्याचा जोर ग्रॅनाइटचा कोपरा उडवायला पुरेसा असतो, आणि तडा नेमका नावातून जातो.

अक्षरं रंगवलेली नकोत, चिकटवलेली पितळी तर मुळीच नकोत. ती चोरीला जातात. इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच कोरून घ्या. तिच्यात पाणी साचत नाही, आणि रंग उडाला तरी सावलीने नाव वाचता येतं. नावांची अक्षरं 30 मिलिमीटर उंच ठेवली तर तीन मीटरवरून आरामात वाचता येतात. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, म्हणून ओळीपासून ओळ 65 मिलिमीटरवर. वर-खाली शंभर-शंभर सोडले तर 900 च्या पाटीत दहा ओळी बसतात. दोन मथळ्याला गेल्या, राहिली आठ नावं. आणि नावाखाली गाव-ठिकाणाची ओळ घेतली तर चारच! हा हिशोब आधी केला नाही की कारागीर अक्षरं लहान करतो आणि दोन ओळींच्या मात्रा एकमेकींत अडकतात.

कोरणाऱ्याच्या संगणकावर पुष्कळदा जुने फॉन्ट असतात. युनिकोडमधला मजकूर त्यात टाकला की रफार घसरतो, ‘ऱ्ह’ फुटतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. पडद्यावर पाहून होकार देऊ नये. पूर्ण मापाचा कागदी छाप काढून भिंतीला लावा आणि गावातल्या शाळामास्तरांना वाचायला सांगा. बारीक आडव्या रेघांचा नाजूक फॉन्टही टाळा, पहिल्या रंगकामातच त्या बुजतात.

पाटीचं तोंड कुठे? आपला पाऊस नैऋत्येकडून, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणून पाटी पूर्वेला किंवा ईशान्येला. पूर्वेला ठेवली तर 15 ऑगस्ट आणि 19 डिसेंबरच्या, म्हणजे गोवा मुक्तिदिनाच्या, सकाळी ऊन थेट पाटीवर येतं, आणि आरशासारख्या पॉलिशमध्ये नावांऐवजी जमलेल्यांचे चेहरे दिसतात. पॉलिश मंद घ्यावं.

चौथऱ्याच्या वरच्या दगडाला बाहेरून 50 मिलिमीटर छज्जा आणि त्याच्या पोटात बोटभर खाच, म्हणजे पाणी तिथून गळून पडतं, पाटीवरून वाहत नाही. पायऱ्यांना 50 ला 1 उतार. चिऱ्यांवर सिमेंटचा गिलावा करू नका. चिरा आतून ओल पितो, गिलावा ती बाहेर सोडत नाही, आणि दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटतात. सांधे भरायला सिमेंट, चुना, वाळू 1:1:6. ध्वजस्तंभाचा पाया चौथऱ्यापासून वेगळा ठेवा. वाऱ्यात ध्वजाचा नळखांब हलतो आणि एकाच पायावर असेल तर पहिली चीर तिथूनच येते.

जागा पंचायतीची, कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) की देवस्थानाची हे लेखी घेतल्याशिवाय पहिला चिरा ठेवू नये. रस्त्याच्या अगदी कडेची जागा दिसायला छान, पण रुंदीकरणात सगळ्यात आधी तीच जाते.

देखभालीत मारेकरी दोन. एक पिंपळ-वडाचं रोप: पक्षी बी टाकतो, मूळ सांध्यात शिरतं. बोटाएवढं असतानाच काढायचं, नंतर ओढलं की चिरा घेऊन येतं. दुसरा स्वच्छतेचा उत्साह. शेवाळ घालवायला ॲसिड ओतलं की चुन्याचे सांधे पोखरतात आणि चिऱ्यातलं लोह पिवळे ओघळ सोडतं. जोराच्या पाण्याचा पाइप चिऱ्याचा पृष्ठभागच खरवडतो. पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. चिऱ्याच्या उघड्या बाजूला मे महिन्यात माडाची चुडतं बांधली, कुंपणभिंतींना बांधतात तशी, तर शेवाळच कमी धरतं. पण ऑगस्टच्या झेंड्याला ती काढायला कोणी तयार हवं.

पाटीच्या तळाशी दोन ओळींची जागा कोरी ठेवा. नावं उशिरा सापडतात: कुणाची तुरुंगातली नोंद, कुणाच्या घरी जपलेलं वर्तमानपत्राचं कात्रण. कोरी जागा नसली की बाजूला वेगळ्या रंगाचा तुकडा चिकटतो, आणि तो माणूस कायमचा उपरा दिसतो.