डुकरं उडतील तेव्हा

बीबीसीने नोव्हेंबर 2005 मध्ये शेक्सपिअरची चार नाटकं आजच्या काळात आणून टीव्हीवर दाखवली. त्यातल्या ‘मॅक्बेथ’ची मराठी सबटायटल्स एका महाविद्यालयाच्या इंग्रजी विभागासाठी करायची होती. फाइल जाऊन बरेच दिवस झाले, पण एक ओळ अजून डोक्यातून जात नाही.

पीटर मॉफटने लिहिलेलं हे रूपांतर ग्लासगोतल्या एका बड्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये घडतं. टीव्हीवर मिरवणारा मालक डंकन (व्हिन्सेंट रीगन), पण स्वयंपाक सगळा जो मॅक्बेथचा (जेम्स मॅकॲव्हॉय). जोची बायको एला (कीली हॉज) पाहुण्यांकडे बघते. बिली बँको (जोसेफ मिल्सन) किचनमधला दोस्त, पीटर मॅकडफ (रिचर्ड आर्मिटेज) वेटरांचा मुख्य. आणि तीन चेटकिणींच्या जागी तीन कचरावाले. इथे ‘घंटागाडीवाले’ लिहायचा मोह झाला होता, पण पडद्यावर ग्लासगोचा ट्रक असताना खाली नाशिक-पुणे कसं आणणार?

बाहेरच्यांना वाटतं, सबटायटल म्हणजे ऐकायचं आणि लिहायचं. खरं तर पहिला अर्धा दिवस कोण कोणाला ‘तू’ म्हणतं आणि कोण ‘तुम्ही’, याचा तक्ता करण्यात जातो. इंग्रजीत एका ‘यू’वर भागतं. मराठीत पहिल्याच वाक्याच्या क्रियापदाला नातं ठरवावं लागतं. जो–एला ‘तू’, जो–बिली ‘तू’, यात वादच नाही. जो डंकनला मात्र ‘तुम्ही’. ज्याच्या रेसिपींवर दुसरा नाव कमावतो, त्याच्या तोंडचा हा ‘तुम्ही’ दर वेळी थोडा आणखी कडू होत जातो, तो फुकट मिळालेला अभिनय. किचनमधलं ‘येस शेफ’ तसंच ठेवलं. ‘हो, शेफ’ ऐकलं की कोणीतरी पोळ्या लाटतंय असं वाटतं.

तपासनिसाचा शीट डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी आला. 31 शेरे. त्यातले बरेच अनुस्वारांचे, ते मुकाट्याने केले. मग हा: ‘कचरावाले हेडशेफला एकेरी कसे बोलतील? तुम्ही करा.’ ही माणसं व्हिडिओ न लावता एक्सेलवर तपासतात, हे अशा वेळी कळतं. भविष्य सांगणारा ‘तू’च म्हणतो. आपल्या दारी आलेला जोशी म्हणतो, अंगात आलेली बाई म्हणते. मूळ नाटकातही चेटकिणी मॅक्बेथला ‘दी’नेच, म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या ‘तू’नेच हाक मारतात, ‘यू’ने नाही. तीन कळकट माणसं तारांकित शेफला बेधडक ‘तू’ म्हणतात, यातच अर्धी भीती आहे. तो शेरा धुडकावला.

बाविसावा शेरा मात्र धुडकावता येईना. मूळ नाटकात मॅक्बेथला अभय मिळतं ते जंगल चालत येईपर्यंत. इथे कचरावाले त्याला सांगतात, डुकरं उडतील तेव्हाच तुला धोका. इंग्रजीत ‘डुकरं उडणं’ म्हणजे कधीच न घडणारी गोष्ट. पण ब्रिटनमध्ये ‘पिग’ ही पोलिसांना द्यायची शिवीही आहे, आणि शेवटी आकाशात पोलिसांचं हेलिकॉप्टर येतं. सगळं भविष्य या एका शब्दाच्या दोन अर्थांवर उभं. मराठीत ‘डुक्कर’ म्हटलं की पोलीस आठवत नाही आणि उडणारं डुक्करही नाही.

पर्याय सापडला होता. मुंबईत पोलिसाला ‘मामा’ म्हणतात आणि चंद्रालाही मामाच. ‘चांदोमामा खाली उतरेल, तोवर भिऊ नकोस.’ मोजून 36 अक्षरं. ओळीची मर्यादा 42. मोजणंही सरळ नसतं, सॉफ्टवेअर काना-मात्रा आणि हलंत वेगळे धरतं. डोळ्याला ‘स्त्री’ एक अक्षर, यंत्राला सहा. आम्हाला वेग दिला होता सेकंदाला 17 अक्षरं, म्हणजे ही ओळ पडद्यावर दोन सेकंदांहून थोडी जास्त राहायला हवी. तीही बसली. शिवाय अंगाईतला शब्द कचरावाल्याच्या तोंडी आला की अंगावर काटा येतो; मूळ नाटकातली लेडी मॅक्बेथ बाळाला पाजल्याचं सांगते आणि नाटकभर तिचं मूल कुठे दिसत नाही, ते आठवून तर जास्तच.

त्यावर तपासनिसाचा हा बाविसावा शेरा: ‘पडद्यावर डुक्कर आहे. चांदोमामा कुठून आला?’ या खेपेला व्हिडिओ पाहिला असावा. सुरुवातीच्या भागात जो खरोखरच डुकराचं मुंडकं कापून दाखवतो, त्या जनावराचा मान राखायला शिकवतो. चांदोमामा घातला की ते मुंडकं नुसतं मटण उरतं.

त्याहून मोठी अडचण अशी की सबटायटल म्हणजे डबिंग नव्हे. प्रेक्षकाच्या कानावर मूळ आवाज पडतच असतो आणि ‘पिग’ हा शब्द सगळ्यांना येतो. कान डुक्कर ऐकतोय, डोळा चंद्र वाचतोय, की सभागृहात पहिल्यांदा हशा पिकणार आणि तोही चुकीच्या जागी. आधी पोलिसांबद्दलच्या एखाद्या वाक्यात ‘डुकरं’ पेरून ठेवायचं, हाही एक उपाय निघाला. पण जे कोणी बोललंच नाही ते खाली लिहिणं आमच्या धंद्यात लबाडी धरतात. (आणि हे नाटक मुळात खऱ्यासारख्या खोट्याचंच आहे. असो.) तळटीप तर सबटायटलला नसतेच.

तसा याच किचनमध्ये आणखी एक विनोद असाच वाहून गेला. रंगभूमीवर या नाटकाचं नाव घेणं अपशकुनी, म्हणून नट ‘स्कॉटिश प्ले’ म्हणतात. इथे टीव्हीवर गाजलेल्या गॉर्डन रॅम्झी या शेफचं नाव टाळून ‘स्कॉटिश शेफ’ म्हणतात. मराठीत लिहिलं ‘तो स्कॉटिश शेफ’, कळेल त्याला कळेल. त्याचं दुःख नाही, त्यावर गोष्ट उभी नाही.

शेवटी गेली ती ओळ अशी: ‘डुकरं उडतील तेव्हाच तुझं वाईट होईल.’ 35 अक्षरं. शेवटच्या हेलिकॉप्टरखाली काही लिहिता येत नाही. तिथे नुसते पंखे आणि दिवे, आणि खालची पट्टी रिकामी. चांदोमामावाली फाइल अजून फोल्डरमध्ये आहे, नावापुढे ‘जुनी’ लिहिलेली.