लेक टाटा करत नव्हता तेव्हा

आमचा लेक आता सव्वादोन वर्षांचा आहे. तो अकरा महिन्यांचा असताना माझ्या मनात एक शंका आली. तिच्यापायी पुढे कुठे कुठे जावं लागलं आणि तिथे नेमकं काय करतात, ते सविस्तर लिहितेय. त्या दिवसांत आपल्या भागातल्या कुणाचा असा अनुभव वाचायला मिळाला असता तर मला फार आधार वाटला असता. आम्ही वेंगुर्ला तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरात मी, सासू-सासरे आणि लेक. नवरा मुंबईला नोकरीला, म्हणून रोज रात्री व्हिडिओ कॉल.

लेक अंगाने धष्टपुष्ट, हसरा. खाटेचा पाय धरून उभा राहायचा, पडवीभर रांगायचा. बघणाऱ्याला काही कमी वाटायचं नाही. फोनवर बाबा दिसले की तो टक लावून बघायचा, पण हात हलवून टाटा करत नव्हता. टाळ्या नाहीत. ‘ये’ म्हटलं की हात पुढे करणं नाही. हाक मारली तर कधी वळायचा, बऱ्याचदा नाही. पदराआडून बुवा-कुक केलं की क्षणभर हसायचा आणि परत आपल्या उद्योगाला लागायचा. ‘पुन्हा कर’ असं त्याच्या डोळ्यांत कधी दिसायचं नाही.

चतुर्थीला नणंद आली. तिची मुलगी आमच्याहून थोडी लहानच. आरती सुरू झाली की ती टाळ्या वाजवायची, ‘बाप्पा खंय?’ विचारलं की मखराकडे हात करायची आणि लगेच आईच्या तोंडाकडे बघायची, बरोबर ना, असं विचारल्यासारखं. आमचा लेक मखरातल्या फिरत्या दिव्यांत गुंगलेला. दोन मुलांची तुलना करू नये हे मलाही कळतं. पण मी तुलना करत नव्हते, मला पहिल्यांदाच समजत होतं की मला इतके दिवस काय खटकत होतं.

सासूबाईंना बोलले तर त्या म्हणाल्या, “ह्येचो बापूस तरी खंय लवकर बोललो? तीन वर्सां झाली तेव्हा तोंड उघडल्यान.” त्या सांगत होत्या ते खरंच होतं. पण अकरा महिन्यांच्या बाळाने बोलावं अशी माझी अपेक्षा नव्हतीच. शब्दांच्या आधी बाळ नजरेने, हाताने, चेहऱ्याने बोलतं. त्याने बघावं, आपण हसावं, त्याने परत काही करावं, अशी जी देवाणघेवाण असते ती आमच्याकडे होत नव्हती.

दवाखान्यातून मिळालेलं माता आणि बाल संरक्षण कार्ड मी बाहेर काढलं. आपण त्यात लसीच्या तारखा बघतो आणि ठेवून देतो. त्याच कार्डात कितव्या महिन्यात बाळाने काय करायला हवं याची चित्रं आहेत. ती पानं बघाच. साधारण नऊ महिन्यांपर्यंत बाळ नावाला वळतं, ओळखीचा-अनोळखी चेहरा त्याला वेगळा कळतो. वर्षाच्या आसपास टाटा करतं. सव्वा वर्षापर्यंत हवं ते बोटाने दाखवतं, आणि दीड वर्षापर्यंत नुसती गंमत म्हणून एखादी गोष्ट आपल्याला दाखवतं. एखादं मूल यात थोडं मागे-पुढे असतंच. आमच्याकडे मात्र एकामागून एक सगळ्याच खुणा राहिल्या होत्या.

आधी शहरातल्या एका खाजगी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वजन केलं, छाती तपासली आणि म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात, शिवाय हा आधी जन्मलेला, दोन वर्षांपर्यंत वाट बघा. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. वाट बघा म्हणायचं असेल तर कशाची बघायची आणि कधीपर्यंत, हेही सांगायला हवं ना?

आधी जन्मल्याची गोष्ट मात्र महत्त्वाची होती. लेक ३५ व्या आठवड्यात झाला. अशा बाळाची वाढ बघताना जितके आठवडे ते लवकर आलं तितके त्याच्या वयातून वजा करतात आणि साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत असंच मोजतात. म्हणजे कॅलेंडरप्रमाणे तो वर्षाचा झाला तेव्हा विकासाच्या हिशेबाने जेमतेम अकरा महिन्यांचा होता. मी तो हिशेब मान्य केला आणि वाढदिवसानंतर आणखी पाच-सहा आठवडे नीट लक्ष ठेवलं. त्यातही काही बदललं नाही तेव्हा आशाताईंशी बोलले.

आशाताईंनी मला अजिबात वेड्यात काढलं नाही. त्या म्हणाल्या, अंगणवाडीत आरबीएसकेची गाडी येणार आहे, तेव्हा दाखवू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात मोफत होते. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. हृदयाला भोक असणं, फाटलेला ओठ अशा जन्मजात गोष्टी ते बघतात हे मला ऐकून माहीत होतं, पण विकासातला उशीर हाही त्यांच्या यादीतला स्वतंत्र विषय आहे हे तेव्हाच कळलं. पथकातल्या डॉक्टरबाईंनी लेकाला मांडीवर घेतलं, थोडा वेळ त्याच्याशी खेळल्या आणि जिल्ह्याच्या केंद्रासाठी चिठ्ठी दिली. या केंद्रांना (जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र) सगळे डीईआयसी म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, कान आणि वाचा बघणारे, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशी माणसं एका ठिकाणी मिळावीत म्हणून ती केलेली आहेत.

तिथली पहिली तपासणी मला वाटलं होतं त्यापेक्षा फार वेगळी होती. टेबल नाही, सुई नाही. सगळे सतरंजीवर बसलो. तपासणाऱ्या बाईंनी चेंडू लेकाकडे ढकलला, खेळणं फडक्याखाली लपवलं, पाठीमागून नावाने हाक मारली. मग साबणाचे फुगे काढले. लेक खूश झाला, फुग्यांमागे रांगला. फुगे संपल्यावर त्यांनी बाटलीचं झाकण लावून ती समोर ठेवली आणि गप्प बसल्या. लेकाने बाटलीकडे बघितलं, ती हातात घेतली, झाकण चावलं, रडला. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही, त्यांच्याकडेही नाही. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय असेल हे मला न वाचताच समजलं आणि माझे डोळे भरून आले. त्यांनी कागद खाली ठेवला, मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, “ताई, लवकर आलात, फार बरं झालं.”

आधी कान तपासायचे असं ठरलं. ज्याला नीट ऐकू येत नाही ते बाळ हाकेला कसं वळेल? आवाजाला दचकतो म्हणजे ऐकू येतं असं आपण धरून चालतो, पण काही आवाज ऐकू येऊन काही ऐकू न येणंही शक्य असतं. ओएई नावाची साधी तपासणी कानात छोटी नळी ठेवून होते, पण लेक रडून इतका हलला की एका कानाची नोंदच झाली नाही. म्हणून बेरा करायला सांगितली. त्यात डोक्याला आणि कानामागे तारा चिकटवून, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीनवर बघतात. बाळ गाढ झोपलेलं असावं लागतं. आम्हाला कोल्हापूरची वेळ मिळाली.

बाळाला रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा आणि वाटेत अजिबात झोपू देऊ नका, असं सांगितलेलं. हे सांगायला सोपं आहे. फोंडाघाटाची वळणं लागली की मोठी माणसंही पेंगतात. सासूबाई सोबत होत्या. डोळे मिटायला लागले की त्या त्याच्या तळपायाला गुदगुल्या करायच्या, काच खाली करून वारा लावायच्या. मध्येच त्यांनी पिशवीतून खुळखुळा काढला आणि त्याच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही असा, अगदी हळू वाजवला. लेक वळला. दुसऱ्या बाजूला वाजवला, तिकडेही वळला. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ऐकूक येता गो ह्येका.” मग जरा वेळ थांबून, खालच्या आवाजात, “मगे हाक मारल्यार कित्याक बघणा नाय?” इतके महिने मी एकटीच विचारत होते तो प्रश्न त्या दिवशी त्यांनी विचारला. त्यानंतर त्या प्रत्येक वेळी माझ्यासोबत आल्या.

तिथे पोचल्यावर औषधाचा थोडा डोस देऊन लेक झोपला. दोन्ही कान ठीक निघाले. आनंद झाला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण कान ठीक तर कारण दुसरं काहीतरी. रक्तात थायरॉइड नॉर्मल आलं, हिमोग्लोबिन ९.२. लोहाचे थेंब सुरू झाले. नुसत्या रक्त कमी असण्याने हे सगळं होत नाही, पण वाढत्या मेंदूला लोह लागतंच, असं डॉक्टर म्हणाले.

सोळा महिने पूर्ण झाल्यावर एम-चॅट नावाची प्रश्नावली भरून घेतली. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी ती असते, हो-नाहीचे वीस प्रश्न. तुम्ही खोलीत लांबची वस्तू दाखवली तर मूल तिकडे बघतं का, बोटाने काही दाखवतं का, दुसऱ्या मुलांकडे त्याचं लक्ष जातं का, अशा तऱ्हेचे. दोनपर्यंत गुण आले तर धोका कमी, तीन ते सात मध्यम, आठपासून पुढे जास्त. आमचे सहा आले. मध्यम गुण आले की ज्या उत्तरांवरून शंका आली त्यांबद्दल पुन्हा खोलात जाऊन विचारतात. त्यानंतर चार राहिले. दोन किंवा त्याहून जास्त राहिले तर पुढची तपासणी आणि थेरपी दोन्ही करायची असतात.

इथे एक गोष्ट समजून घ्या. ही प्रश्नावली ऑटिझमची (स्वमग्नतेची) शंका शोधते, निदान करत नाही. यात गुण जास्त आलेल्या सगळ्याच मुलांना ऑटिझम निघत नाही, काहींना भाषेचा किंवा एकूण विकासाचा उशीर असतो. मी त्या रात्री फोनवर नवऱ्याला ‘ऑटिझम’ हा शब्द सांगितला तेव्हा पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाला, “नाव काहीही असूदे. उद्यापासून काय करायचं ते सांग.” केंद्रातल्या बाईही हेच सांगत होत्या, निदानाची वाट बघत हातावर हात ठेवून बसायचं नाही.

मग घरचं काम सुरू झालं. मला वाटलं होतं महागडी खेळणी लागतील. लागली ती प्लास्टिकची पारदर्शक बरणी. लेकाची आवडती लाल एसटी तिच्यात घालायची, झाकण घट्ट लावायचं, बरणी त्याच्यासमोर ठेवायची आणि आपण त्याच्या नजरेच्या उंचीवर खाली बसून थांबायचं. लगेच मदत करायची नाही. सुरुवातीला तो बरणी आपटायचा, रडायचा, मग माझं मनगट धरून झाकणावर नेऊन ठेवायचा, पण चेहऱ्याकडे बघायचा नाही. नाचणीची खीर भरवतानाही तसंच. चमचा माझ्या तोंडाजवळ धरून थांबायचं आणि त्याची नजर वर आली की लगेच द्यायचा. तो करेल ते आपण करायचं, त्याने भांडं वाजवलं की आपणही वाजवायचं. ज्या गोष्टीकडे तो बघतोय तिचंच नाव एका शब्दात घ्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते, सूट फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलची. सासूबाईंनी स्वतःहून मालिका बघायचं बंद केलं आणि संध्याकाळी त्याला समोर बसवून ओव्या म्हणायला लागल्या, ओळीचा शेवटचा शब्द गिळून त्याच्या तोंडाकडे बघत. रवळनाथाला गाऱ्हाणंही घातलं. मी सोबत गेले, मनापासून हात जोडले.

बरेच दिवस काही होत नव्हतं आणि मग एका दुपारी लेकाने बरणी उचलून माझ्या मांडीत ठेवली आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. मी झाकण इतक्या घाईने उघडलं की एसटी उडून लांब पडली.

बोट त्यानंतर काही महिन्यांनी आलं. खळ्यात मोदकं, म्हणजे आमच्याकडची मासळी, सुकत घातली होती, सासूबाई काठी घेऊन राखणीला बसलेल्या. कावळा उतरला. लेकाने पहिलं बोट सरळ केलं, “आऽ” म्हणाला, वळून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कावळ्याकडे. त्याला कावळा हवा नव्हता. मीही तो बघावा एवढंच त्याला हवं होतं. मागण्यासाठी बोट आणि दाखवण्यासाठी बोट यातला फरक बाईंनी मला कितीदा तरी समजावला होता. सासूबाईंनी काठी टाकली आणि लेकाला उचललं. त्या गडबडीत कावळ्याने मोदकं पळवली ती पळवलीच.

आज लेक टाटा करतो, टाळ्या वाजवतो, बाबांना फोनवर चप्पल, चेंडू, जे हातात असेल ते दाखवतो. हाकेला बहुतेक वेळा वळतो. ‘आई’, ‘बस’, ‘कावो’ असे थोडे शब्द आहेत, दोन शब्द जोडून अजून बोलत नाही. गर्दीत कानांवर हात ठेवतो. म्हणून पुढची सविस्तर तपासणी ठरली आहे, मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञांकडे. गोव्यातली मे महिन्याची तारीख मिळाली आहे. नवऱ्याने रजा टाकली आहे. सोबत नेण्यासाठी मी कान, रक्त, एम-चॅट यांचे कागद एका फाइलमध्ये लावलेत आणि घरी तो रोज कसा खेळतो, जेवतो याचे छोटे व्हिडिओ फोनमध्ये काढून ठेवलेत, कारण अनोळखी खोलीत तो घरच्यासारखा वागत नाही. कुणाचं बाळ आधी करत असलेली गोष्ट, टाटा असो की एखादा शब्द, करेनासं झालं असेल तर वय कितीही असो, गाडी येण्याची वाट न बघता थेट बालरोगतज्ज्ञांकडे न्या. बाकी शंकांसाठी आशाताईंना विचारा, पथकाची पुढची तारीख त्यांना माहीत असते.