हा बेस वाजवतं कोण?

नागपुरात बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवतो म्हटलं की घरच्या मोठ्यांपासून कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळे विचारतात, ट्रॅप या हिप-हॉपच्या प्रकारात छातीत घुमणारा तो बेस कोण वाजवतं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बहुतेक वेळा बेस गिटार तिथे नसतेच. तो ड्रमचा ठोका असतो, लांबवलेला.

रोलंड कंपनीचं टीआर-808 हे ड्रम मशीन 1980 मध्ये आलं. त्यातली किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, रेकॉर्ड केलेली नव्हती. सर्किटमधूनच हळूहळू विरत जाणारी, जवळपास शुद्ध साइन लहर, म्हणजे एकच साधा सूर, निघायची. विरण्याचा वेळ, म्हणजे डिके, वाढवला की ठोक्याचा सूर होतो. अटलांटाच्या ट्रॅपचा पाया हाच. आता आम्ही एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या आवाजाचं सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा, घेतो आणि पियानो रोलवर, म्हणजे सुरांच्या तक्त्यावर, नोट्स मांडतो.

पण आधी सॅम्पल सुरात लावायचं, आणि इथे मी कुणाचंच ऐकत नाही. ते मुळात कोणत्या सुराचं आहे हे न तपासता नोट्स टाकल्या तर बेस गाणाऱ्याशी भांडत राहतो. मग पोरं मिक्सिंगला दोष देतात. सूर लागला की ग्लाइड करता येते: एका नोटवरून दुसरीवर बेस घसरत जातो. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवल्यावर जो घुमारा उठतो, तसाच. मला ट्रॅपमधलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

लय साधी असते. टेम्पो बहुधा मिनिटाला 140 मात्रांच्या आसपास, स्नेअर ड्रमचा कडक ठोका चारपैकी तिसऱ्या मात्रेवर, म्हणून गाणं निम्म्या चालीचं वाटतं. वर हाय-हॅटचे, म्हणजे छोट्या झांजांचे, भरभर रोल, मधूनच तीन-तीनच्या गटात.

खरी परीक्षा मोबाइलवर होते. खालच्या एफ नोटचा मूळ सूर सुमारे 44 हर्ट्झचा. वरातीत धुमाल बँडच्या गाडीवरच्या मोठ्या स्पीकरांना तो पेलतो, फोनच्या इवल्या स्पीकरला नाही. म्हणून बेसवर थोडं डिस्टॉर्शन चढवतात, म्हणजे आवाज मुद्दाम जरा फाडतात. त्यातून 88, 132, 176 हर्ट्झ असे वरचे स्वरांश तयार होतात आणि पुढेही वाढत जातात. फोन त्यातले वरचे वाजवतो, खालचा सूर कान स्वतःच भरून काढतो.

बीट झाली की मी ती फोनवर ऐकतो. बेसची चाल ओळखू आली नाही, तर डिस्टॉर्शन वाढवतो. व्हॉल्यूमला हात लावत नाही.